समुद्राकाठच्या नाचगाण्यांची यादी कशी बांधायची

मे महिन्यात मुंबईत ऊन कलायला लागलं की दिवसभर पंख्याखाली काढलेली माणसं गच्चीवर, अंगणात, चौपाटीवर येतात. सुट्टी असते, पाहुणे असतात, कुठे हळद असते. अशाच एखाद्या जमण्याच्या चार दिवस आधी कोणीतरी म्हणतं, ‘गाणी तू बघ.’ ज्याच्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय, त्याच्यासाठी हे लिहितोय.

गेल्या वर्षी मालाडला एका मित्राच्या गच्चीवर हे काम माझ्याकडे आलं. मी एका रात्रीत आवडीची साठेक गाणी गोळा केली आणि सगळ्यात दणदणीत सात पहिल्यालाच लावली. पावणेसात वाजले होते, गच्चीची लादी अजून तापलेली होती. पहिल्या दोन गाण्यांना मंडळी उठली, तिसऱ्याला घाम पुसत खुर्च्यांकडे गेली, आणि मग तासभर कोणी जागचं हललं नाही. मित्राच्या शेजारच्या काकी, माहेर वेसाव्याचं, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं, माझ्याशेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘अरे, आमच्या हळदीला आधी आईचं गाणं लागतं. मग बायका नुसत्या बसल्याजागी डोलतात. नाच मागून येतो, त्याला हाक मारावी लागत नाही.’ त्यांनी माझा फोन घेतला, एकवीरा आईचं गाणं लावलं, मग दोन जुनी संथ कोळीगीतं. तिसऱ्या गाण्याला आज्या टाळ्या वाजवत होत्या, पाचव्याला गच्ची भरली होती. त्या संध्याकाळी मला दोन गोष्टी कळल्या. एक, यादी आवडीवर बांधायची नाही, ठेक्यावर बांधायची. दुसरी, समुद्राकाठचं नाचगाणं शोधायला मुंबईकराला कुठे लांब जायला नको.

आधी जागा आणि घड्याळ

गाणी निवडायच्या आधी हे ठरवून टाका, कारण यादीची लांबी त्यावर ठरते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत लाउडस्पीकर बंद. सार्वजनिक जागेवर तर दिवसाही परवानगी लागते. म्हणून जुहूच्या किंवा गिरगावच्या वाळूत मोठा स्पीकर मांडायचा बेत करू नका. सोसायटीची गच्ची असेल तर सेक्रेटरींना आधी सांगा. गोराई, मनोरी, मढ, आक्सा या भागांत भाड्याने बंगला घेणार असाल तर मालकाला आवाजाचं विचारून घ्या. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, म्हणजे फार काही नाही. त्यामुळे जोर आवाजात शोधू नका, ठेक्यात शोधा. मनोरीला मार्वेहून बोटीने जाणार असाल तर परतीची शेवटची बोट किती वाजता, तेही आधीच विचारा.

मी पावणेसात ते पावणेदहा असे तीन तास धरतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सुरुवात उजेडात होते आणि नाच अंधार पडल्यावर चढतो. तीन तासांतला अर्धा तास जेवणाचा, कोकम सरबताचा, फोटोंचा. उरली दीडशे मिनिटं. जुनी गाणी सरासरी साडेतीन मिनिटांची धरली तर त्रेचाळीस गाणी पुरतात. दहा-बारा जास्तीची वेगळ्या यादीत ठेवा, मूळ यादीत कोंबू नका.

ठेका ओळखायला शिका

नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला मनापासून वाटतं. एक संध्याकाळ यासाठीच ठेवा.

कुठलंही जुनं कोळीगीत लावा आणि मांडीवर हात मारत मोजा: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. एकवर जोर, चारवर जरा हलका जोर. बहुतेक कोळीगीतं अशी सहाच्या चालीत बसतात. तबलजी त्याला दादऱ्याच्या घरातली चाल म्हणतील. ही चाल होडीतून आली असं मानायला मला आवडतं, कारण वल्हं ओढायला तीन आणि परत आणायला तीन असं मोजलं की अंग आपोआप पुढेमागे जातं. आता एखादं हिंदी सिनेमातलं क्लबमधलं गाणं किंवा डिस्को लावा. तिथे मोजणी चारची येते: एक-दोन-तीन-चार, पाय सरळ खाली.

आता गंमत बघा. सहाच्या गाण्यावर माणूस डोलतो, बाजूला झुलतो, खांदे हलवतो. चारच्या गाण्यावर तो उड्या मारतो. दोन्ही हवंच, पण एकाआड एक लावलं की पायांचा गोंधळ होतो. नुकती कुठे झुलायची सवय लागते आणि गाणं बदलून उड्या मारायला सांगतं. म्हणून एका चालीची तीन-चार गाणी सलग ठेवा, मग चाल बदला. बदलताना मध्ये असं गाणं घ्या ज्याची सुरुवात ठेक्याविना आहे, नुसती हाक, बासरी किंवा आलाप. तेवढ्या वेळात पाय मोकळे होतात.

वेग मोजायला अ‍ॅपवर विसंबू नका. सहाच्या चालीचा वेग यंत्रं अनेकदा चुकीचा सांगतात, कुठे दुप्पट, कुठे दीडपट. त्यापेक्षा उभे राहा, गाण्यावर जागच्या जागी पावलं टाका आणि १५ सेकंदांत पाय किती वेळा पडला ते मोजून चारने गुणा. माझा हिशेब साधा आहे. मिनिटाला नव्वदच्या आसपास आलं तर ते डोलायचं गाणं, शंभर ते एकशेवीस नाचायचं, त्यावरचं उधळायचं. प्रत्येक गाण्यापुढे वहीत दोन गोष्टी लिहा: सहा की चार, आणि डोल, नाच की उधळ. वहीच वापरा. फोन तेव्हा गाणं वाजवत असतो.

आपल्या किनाऱ्याची गाणी

यादीचा पाया कोळीगीतांचा हवा. त्रेचाळीसपैकी सतरा-अठरा तरी.

या गाण्यांचे दोन थर आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला थर कवी-संगीतकारांनी बांधलेल्या गाण्यांचा. ‘मी डोलकर डोलकर डोलकर दर्याचा राजा’ हे शांता शेळके यांचं, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. डोल म्हणजे प्रवाहात रोवलेलं लांब पिशवीसारखं जाळं, बोंबील आणि जवळा धरायचं. ते लावणारा डोलकर. हे पाहुण्यांना सांगितलंत तर पोरं गाणं दुप्पट प्रेमाने म्हणतात, माझा अनुभव आहे. याच घरातली ‘वादळवारं सुटलं गो’ आणि ‘राजा सारंगा’, दोन्ही शांताबाईंची, लताबाईंनी गायलेली. ही नाचायची गाणी नाहीत, पण पहिली सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी फार सुंदर बसते. ‘गोमू संगतीनं माझ्या तू येशील का’ १९७६च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ मधलं, सुधीर मोघे यांचं. चाल पुन्हा हृदयनाथांची, आवाज आशा भोसले आणि हेमंतकुमार यांचे. हे गाणं लागलं की जोडपी उठतात. कोण उठतंय तिकडे लक्ष ठेवा, त्यावर पुढचं ठरवता येतं.

दुसरा थर कोळीवाड्यांतून, कॅसेटच्या काळात घरोघर पोचलेल्या गाण्यांचा. ‘वेसावची पारू’, ‘नाखवा बोटीनं फिरवाल का’, ‘मी हाय कोली’, ‘या कोलीवाऱ्याची शान’, ‘वल्हव रे नाखवा’. यांत ढोलकी पुढे असते, बँजो चमकतो, कोरस मोठा असतो आणि बोली अस्सल असते, ‘कोळी’चं ‘कोली’, ‘नारळी’चं ‘नारली’. वेसावकर आणि मंडळींची गाणी घेतल्याशिवाय मी ही यादी पुरी मानत नाही. नाच इथेच पेटतो.

शोधताना एक काळजी घ्या. एकाच कोळीगीताच्या वीस-वीस आवृत्त्या सापडतात: मूळ, दुसऱ्यांनी गायलेली, डीजे मिक्स, नुसतं वाद्यवृंदावरचं. रोमन अक्षरांतल्या स्पेलिंगाप्रमाणे निकाल बदलतात, म्हणून देवनागरीतही शोधा. प्रत्येक गाण्याची शेवटची तीस सेकंदं ऐकल्याशिवाय ते यादीत घालू नका. कितीतरी ठिकाणी शेवटी दुसरंच गाणं जोडलेलं असतं किंवा कोणाच्या तरी जाहिरातीचा आवाज. डीजे मिक्स मी एकूण दोनच ठेवतो, तीही नऊ वाजल्यानंतर. त्यांत मूळची सहाची चाल पुष्कळदा चारच्या ठोक्याखाली दाबलेली असते आणि ज्या झुलण्यासाठी आपण गाणं निवडलं तेच निघून जातं.

आईच्या गाण्यांबद्दल. एकवीरा आई ही कोळ्यांची कुलदेवता, कार्ल्याच्या डोंगरावरची. तिचं एखादं गाणं सुरुवातीला लावणं मला योग्य वाटतं, पण लोकांच्या हातात ग्लास असताना ते मध्येच लावू नका. ज्यांची ती देवी आहे त्यांच्यापैकी कोणी त्या गच्चीवर असेल, हे धरून चालायचं. तसंच नारळी पुनवेची गाणी मी मे महिन्यात लावत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मग पुनवेला दर्याला नारळ देऊन होड्या निघतात. त्या गाण्यांतला आनंद त्या वाट पाहण्याचा आहे. ती श्रावणासाठी राखून ठेवा.

पहिल्या नाचाच्या गाण्याला दोन मिनिटं पाऊल शिकवा. वल्ह्याचा हात: दोन्ही मुठी छातीशी, एक-दोन-तीनला पुढे, चार-पाच-सहाला मागे, एक पाय पुढे टाकून वजन बदलायचं. ओळीने उभं राहायचं, गोल नाही. होडीत माणसं एकापाठी एक बसतात. लाजणाऱ्या माणसाला ओळीत लपायला जागा मिळते, म्हणून तो उठतो.

शेजारचे किनारे

गोव्याची गाणी कोळीगीतांना लागून छान बसतात. ‘हांव सायबा पलतडी वैता’ ही ‘देखणी’ आहे, म्हणजे गोव्याच्या नाचगाण्याचा एक प्रकार: नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जायचंय म्हणून कलावंतीण नावाड्याला विनवते, अंगावरचे दागिने देऊ करते, तो नाही म्हणतो. आपल्या ‘नाखवा बोटीनं फिरवाल का’ नंतर हे लावून बघा, दोन किनारे एकमेकांशी बोलल्यासारखे वाटतात. तिच्यातलंच ‘घे घे घे’ १९७३च्या ‘बॉबी’तल्या ‘ना मांगूं सोना चांदी’ मध्ये आलं. त्यामुळे हे तिसरं गाणं आयतंच सापडतं आणि हिंदी ऐकणारी मंडळीही सामील होतात. कोंकणीत लॉर्ना यांचा आवाज आणि ख्रिस पेरी यांचं संगीत शोधा, एक तरी गाणं घ्याच.

हिंदीत मी दूर जात नाही, संगीतकार सी. रामचंद्रांपाशी थांबतो. पुणतांब्याच्या या चितळकरांनी मुंबईच्या गोवेकर वादकांना हाताशी धरून जे केलं त्यावर आजही लोक उठतात. १९५१च्या ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ आणि १९५७च्या ‘आशा’मधलं ‘ईना मीना डीका’. भगवानदादांची ती अर्धी गिरकी, कोपरातून सोडलेला हात, गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांनी नाचून झालेला असतो, शिकवावं लागत नाही. ही गाणी चारच्या ठेक्याची. सहाकडून चारकडे न्यायला यांच्याइतका चांगला पूल नाही.

लांबचे किनारे

इथे सहा-सात गाणी पुरेत.

‘बीच म्युझिक’ हे नाव खरं तर एका विशिष्ट किनाऱ्याचं आहे, अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांचं. १९४०च्या दशकापासून मर्टल बीचच्या आसपासच्या नाचघरांत ज्यूकबॉक्सवर कृष्णवर्णीय कलाकारांचं रिदम अँड ब्लूज वाजायचं. वंशभेदाच्या त्या काळात जी गाणी गोऱ्या तरुणांना गावात सहज ऐकता येत नसत, ती ऐकायला ते किनाऱ्यावर यायचे. त्यावर जो जोडीने करायचा सैल, घसरत्या पावलांचा नाच तयार झाला तो शॅग. दक्षिण कॅरोलिनाने १९८४ मध्ये त्याला राज्यनृत्य केलं. त्याचं मूळ पाऊल सहाच्या मोजणीत बसतं, पण हे सहा आपले नव्हेत. गाणं चारच्याच ठेक्यात चालतं आणि पावलं सहाला फिरून येतात. नवख्यासाठी द ड्रिफ्टर्सचं १९६४चं ‘अंडर द बोर्डवॉक’ आणि मॉरिस विल्यम्स अँड द झोडिअ‍ॅक्स यांचं १९६०चं ‘स्टे’ ही दोन घ्या. ‘स्टे’ पावणेदोन मिनिटांचंही नाही, पाणी प्यायला निघालेला माणूस परत येईपर्यंत संपतं. ही उधळायची गाणी नाहीत, जेवणानंतर पहिल्यांदा उठवायची आहेत.

हॅरी बेलाफाँटे यांच्या १९५६च्या कॅलिप्सो तबकडीतलं ‘डे-ओ’ मात्र मी कधीच सोडत नाही. जमैकात रात्रभर जहाजावर केळी चढवणाऱ्या कामगारांचं ते गाणं, एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी ओ द्यायची. आपल्या ‘हैया हो’ला जे जमतं तेच. गच्चीवर ते लागलं तेव्हा काकींनी शब्द न कळता दुसऱ्याच कडव्याला ओ दिली होती.

१९८९चं ‘लांबाडा’ नऊनंतर एकदा. बस्स.

क्रम

आता वही उघडा. पहिली पाच गाणी डोलायची: आईचं एक, ‘वादळवारं’, ‘डोलकर’, आणि तशाच संथ लयीची आणखी दोन. कोणी नाचत नाही म्हणून घाबरून वेग वाढवू नका, हीच ती जागा जिथे मी चुकलो होतो. लोक बोलत असतात, पण मान हलायला लागलेली दिसेल. सहाव्या गाण्याला ‘वल्हव रे नाखवा’ आणि वल्ह्याचा हात. मग ‘पारू’, ‘मी हाय कोली’, ‘नाखवा’, तिथून गोवा, गोव्यातून ‘बॉबी’, पुढे चितळकर. साधारण आठला जेवण. जेवताना शब्द कमी आणि आवाज अर्धा. जेवणानंतर ‘अंडर द बोर्डवॉक’, ‘स्टे’, मग ‘डे-ओ’, आणि हाक-ओचा धागा धरून परत कोळीगीतांवर. पावणेनऊ ते साडेनऊ हा सगळ्यात उंच भाग, इथे उधळायची गाणी, डीजे मिक्स, जे काय पोरांना हवंय ते. एक नियम पाळा: तीन उधळायच्या गाण्यांनंतर एक झुलायचं. मेच्या दमट हवेत माणूस सलग चौथं पेलत नाही.

यंत्राचं

यादी फोनमध्ये उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू करा. नाहीतर ऐन रंगात फोनची रिंग सगळ्या गच्चीला ऐकू येते. गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये एका गाण्यातून दुसऱ्यात सरकण्याची सोय असते. ती तीन-चार सेकंदांवर ठेवा, जास्त ठेवलीत तर सहा आणि चारचे ठेके एकमेकांवर चढतात. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज दबका आणि नव्यांचा मोठा असतो, म्हणून आवाज सारखा करणारी सेटिंग चालू करा.

उघड्यावर ढोलकीचा घुमारा विरून जातो, कारण त्याला परत पाठवायला भिंती नसतात. स्पीकर गच्चीच्या कोपऱ्यात, दोन कठड्यांच्या सांध्याशी, स्टुलावर ठेवा. फरक लगेच कळतो. वाळूत थेट ठेवू नका, बारीक रेती आणि खारं पाणी दोन्ही आत जातं. पूर्ण आवाजात बॅटरी खोक्यावर लिहिलेल्या तासांइतकी टिकत नाही, वायर लावूनच वाजवा. आदल्या दिवशी त्याच जागी दोन गाणी लावून जिन्याच्या दारापाशी जाऊन ऐका. तिथे शब्द कळत असतील तर शेजाऱ्यांनाही कळणार.

यादी सुरू झाली की फोन एकाच्याच हातात ठेवा. फर्माइशी येतील. ‘दोन गाण्यांनी लावतो’ म्हणा आणि खरंच लावा, पण चालीच्या जागी बसेल तिथे. पावणेदहाला पाच मिनिटं असताना ‘राजा सारंगा’. त्यानंतर काही लावू नका. वही मात्र जवळ ठेवा आणि खुर्च्या उचलायच्या आधी, कुठल्या गाण्याला लोक उठले आणि कुठल्याला बसले त्याच्या खुणा करून घ्या.